जिद्दी संशोधक : डॉ. कमला सोहोनी



आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूने तुम्ही अनेकदा गेला असाल. तेथील काही कारखान्यांत रसायने तयार होतात, तर काहींत औषधे. मोठमोठ्या टाक्या, लांबच लांब नळ आणि फाटकातून आत-बाहेर करणारे टँकर तुम्ही पाहिले असतील. रसायनशास्त्र म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे हेच चित्र उभे राहत असेल.

पण रसायनांचा याहून कितीतरी लहान आणि कितीतरी जुना कारखाना तुमच्या शरीरात रात्रंदिवस चालू असतो. त्याचे नाव पेशी. उर्दूत आपण तिला खलिया म्हणतो. भाजीच्या टोपलीतल्या साध्या बटाट्यातही असे असंख्य कारखाने असतात. या कारखान्यातील एका महत्त्वाच्या कामगाराचा शोध घेणाऱ्या एका मराठी मुलीची ही कथा आहे. हा शोध घेण्यापूर्वी तिला प्रयोगशाळेचे दार उघडण्यासाठीच झगडावे लागले होते.

या मुलीचे नाव कमला भागवत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी इंदूर येथे तिचा जन्म झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. दोघांचेही शिक्षण बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत झाले होते. हीच संस्था आज भारतीय विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. घरात वाचन, अभ्यास आणि चर्चा यांचे वातावरण होते. कमलाची बहीण दुर्गा भागवत पुढे मराठीतील थोर लेखिका झाली. 1975 साली कऱ्हाडला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाची ती अध्यक्षही झाली. एका बहिणीने शब्दांचा ध्यास घेतला, तर दुसरीने रसायनांचा.

1933 साली कमला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र घेऊन उत्तम रीतीने उत्तीर्ण झाली. वडील आणि काका जिथे शिकले, त्याच बंगळूरच्या संस्थेत आपणही संशोधन करावे, अशी तिची इच्छा होती. तिने अर्ज पाठवला. गुण चांगले होते, त्यामुळे प्रवेश मिळणार याची तिला खात्री होती. पण अर्ज नामंजूर झाला. कारण एकच होते, ती मुलगी होती.

त्या वेळी संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. त्यांना 1930 साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. साऱ्या देशाला त्यांचा अभिमान होता. मात्र संशोधन हे मुलींचे काम नाही, असे त्यांचे मत होते. मित्रांनो, येथे एक गोष्ट लक्षात घ्या. माणूस कितीही मोठा असला, तरी त्याचे प्रत्येक मत बरोबर असतेच असे नाही. ते मत चुकीचे आहे, हे आपल्या कामातून दाखवून देणे हाच त्यावरचा उत्तम उपाय असतो.

वडिलांनी आणि काकांनी रदबदली केली, पण उपयोग झाला नाही. तेव्हा कमला स्वतः बंगळूरला गेली. तो महात्मा गांधींच्या चळवळीचा काळ होता. अन्यायापुढे मान तुकवायची नाही आणि हातही उगारायचा नाही, हा मार्ग त्या पिढीने गांधीजींकडून शिकला होता. कमलानेही हाच मार्ग धरला. केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारणे तिला मान्य नव्हते. ती ठाम राहिली. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण तीन अटी घालून. पहिल्या वर्षी तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्रीसुद्धा, तिने काम करायचे होते. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतील इतरांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशी तिसरी अट होती.

या अटी कमलाला अपमानास्पद वाटल्या. तरीही तिने त्या मान्य केल्या, कारण तिला प्रयोगशाळेत पाऊल ठेवायचे होते. श्रीनिवासय्या हे तिचे मार्गदर्शक होते. ते शिस्तीचे कडक, पण शिकवण्यात मनापासून रस घेणारे गुरू होते. त्यांच्या हाताखाली तिने दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास सुरू केला.

हा विषय आपल्या देशासाठी किती महत्त्वाचा होता ते पाहा. आपले स्नायू, त्वचा, केस आणि रक्तातील कितीतरी घटक प्रथिनांचे बनलेले असतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्ले नावाच्या लहान रेणूंची लांब माळ. तसबीहचे मणी जसे एका दोऱ्यात ओवलेले असतात, तशी ही आम्ले एकमेकांना जोडलेली असतात. गरिबाच्या घरी मांस, अंडी रोज परवडत नाहीत. तिथे प्रथिने मिळतात ती मूग, मसूर, हरभरा आणि तूर यांतून. म्हणून डाळीत नेमके काय आहे, हे कळणे गरजेचे होते.

एक वर्ष संपले. कमलाचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि तिला नियमित संशोधक म्हणून मान्यता मिळाली. त्यानंतर संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. एकीने सोसलेल्या त्रासाचे फळ अनेकींच्या वाट्याला आले. 1936 साली कमलाला एम.एस्सी. ही पदवी मिळाली.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून कमलाताई इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक हॉपकिन्स होते. जीवनसत्त्वांवरील कामासाठी त्यांना 1929 साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांच्या प्रयोगशाळेत जागा रिकामी नव्हती. तेव्हा डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकाने आपले टेबल कमलाताईंना दिवसा वापरायला दिले आणि स्वतः रात्री काम करण्याची तयारी दाखवली. बंगळूरला दार बंद होते; इथे एका परक्या माणसाने स्वतःची जागा देऊ केली. ज्ञानाच्या वाटेवर दोन्ही प्रकारची माणसे भेटतात.

रिक्टर दुसरीकडे गेल्यावर कमलाताई रॉबिन हिल या वनस्पतींचे संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञाबरोबर काम करू लागल्या. तेथे त्यांच्या हाती आला तो आपला रोजचा बटाटा.

आता त्या शोधाकडे वळण्यापूर्वी पेशी कशी चालते, ते थोडे समजून घेऊ.

प्रत्येक पेशीभोवती एक अत्यंत पातळ पडदा असतो. त्याला पेशीपटल म्हणतात. हे पटल म्हणजे कारखान्याचे फाटकच समजा. पाणी आणि ऑक्सिजन त्यातून सहज जातात. मीठ, साखर यांसारख्या पदार्थांना मात्र सहजासहजी वाट मिळत नाही. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची खास दारे असतात आणि काही वेळा त्यांना आत-बाहेर नेण्यासाठी पेशीला ऊर्जा खर्च करावी लागते.

हे तुम्ही घरीही पाहू शकता. बटाट्याच्या सारख्या आकाराच्या दोन लांब फोडी करा. एक फोड साध्या पाण्यात ठेवा. दुसरी, दोन चमचे मीठ विरघळवलेल्या वाटीभर पाण्यात ठेवा. दोन तासांनी हात लावून पाहा. साध्या पाण्यातील फोड ताठ झालेली असेल. मिठाच्या पाण्यातील फोड लुळी पडलेली असेल. कारण मिठाच्या पाण्याने पेशींतील पाणी बाहेर ओढून घेतले. पटलातून पाण्याच्या अशा जाण्यायेण्याला परासरण म्हणतात. आई लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावते, तेव्हा त्यांना पाणी सुटते तेही याच कारणाने.

फाटकातून आत आलेल्या मालाचे पुढे काय होते? पेशीच्या आत तंतुकणिका नावाचे बारीक भाग असतात. अन्नातून मिळालेल्या साखरेचे शेवटचे ज्वलन तेथे होते. हे ज्वलन चुलीतल्या जाळासारखे भडकून होत नाही. ते पायरीपायरीने होते, नाहीतर पेशीच जळून जाईल. प्रत्येक पायरीवर इलेक्ट्रॉन हे अतिसूक्ष्म कण एका रेणूकडून दुसऱ्या रेणूकडे सोपवले जातात. बांधकामावर मजूर रांगेत उभे राहून विटा एका हातातून दुसऱ्या हातात देतात ना, अगदी तसे.

या रांगेतील एका मजुराचे नाव सायटोक्रोम सी. हे शंभराहून थोड्या अधिक अमिनो आम्लांचे लहानसे प्रथिन आहे. त्यात लोहाचा एक अणू असतो. लोखंडी फाटकाला गंज चढतो तेव्हा लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन गमावतात आणि ते परत मिळत नाहीत. पण सायटोक्रोममधील लोह इलेक्ट्रॉन घेते, पुढच्याच्या हाती देते आणि पुन्हा घ्यायला मोकळे होते. एका खेपेला तो एकच इलेक्ट्रॉन नेतो. रांगेच्या शेवटी ऑक्सिजन उभा असतो. ऑक्सिजनच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे सायटोक्रोमच्या चार खेपा झाल्या. ते मिळाले की हायड्रोजनशी संयोग होऊन पाण्याचे दोन रेणू तयार होतात. आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन अखेर येथे कामी येतो. हे काम काही मिनिटे जरी थांबले, तरी माणूस जगू शकत नाही.

सायटोक्रोम या शब्दाचा अर्थ पेशीतील रंग असा आहे. लोहामुळे या प्रथिनाला लालसर रंग असतो. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन या शास्त्रज्ञाने 1925 साली सायटोक्रोमांवरील आपले संशोधन प्रसिद्ध केले होते. कमलाताईंनी बटाट्यावर काम करताना दाखवून दिले, की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते आणि वनस्पतींच्या श्वसनात त्याचा वाटा असतो. तुम्ही धावता तेव्हा तुमच्या पायांच्या स्नायूंत जो कामगार राबतो, त्याचाच भाऊबंद मातीखाली शांत पडलेल्या बटाट्यातही राबत असतो. सजीव वरून कितीही वेगळे दिसले, तरी आत त्यांची किमया एकच आहे. मराठीतील किमया आणि उर्दूतील कीमिया हे दोन्ही शब्द एकाच मुळातून आले आहेत, हेही जाता जाता लक्षात ठेवा.

इलेक्ट्रॉनांच्या या रांगेतून पेशीला ऊर्जा नेमकी कशी मिळते, हे कोडे पुढे पीटर मिचेल यांनी सोडवले. इमारतीच्या गच्चीवरील टाकीत आपण पंपाने पाणी चढवतो आणि मग ते आपल्या वजनाने खाली येते. त्याचप्रमाणे तंतुकणिकेच्या पटलापलीकडे हायड्रोजनचे आयन ढकलले जातात आणि ते परत येताना ऊर्जा साठवणारा एटीपी हा रेणू तयार होतो. हा विचार त्यांनी 1961 साली मांडला आणि 1978 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एकाचा शोध दुसऱ्याच्या कामाला लागतो. विज्ञानातही विटा अशाच हातोहात पुढे जातात.

कमलाताईंचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. दीड वर्षाच्या आतच त्यांनी तो पूर्ण केला. 1939 साली केंब्रिजने त्यांना पीएच.डी. ही पदवी दिली. विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. सहा वर्षांपूर्वी जिला संशोधन झेपणार नाही असे मानले गेले होते, तीच ही मुलगी.

परदेशात राहून त्यांना मोठे नाव मिळवता आले असते. पण त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभाग सांभाळला. नंतर दक्षिणेतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. 1947 साली मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागात त्या शिकवू लागल्या.

येथे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह पुन्हा डाळी आणि कडधान्यांचा अभ्यास हाती घेतला. कच्च्या कडधान्यांत असे काही घटक असतात, की ते आपल्या पोटातील प्रथिने पचवणाऱ्या विकराच्या कामात अडथळा आणतात. डाळ शिजवली की हे घटक बऱ्याच अंशी निकामी होतात. आपल्या आया आणि आज्या डाळ नीट शिजवण्याचा आग्रह धरतात, त्यामागे हे शास्त्र आहे.

त्यांचे दुसरे महत्त्वाचे काम नीरेवरचे. ताड, माड, शिंदी या झाडांच्या पानांत तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून सर्वत्र पोहोचवली जाते. तो गोड रस म्हणजे नीरा. ती पहाटे ताजी उतरवतात. तशीच ठेवली, तर यीस्ट हे सूक्ष्मजीव तिच्यातील साखरेपासून मद्यार्क तयार करतात आणि तिची ताडी होते. ताजी नीरा मात्र निर्मळ असते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाताईंनी नीरेचा अभ्यास केला. तिच्यात क जीवनसत्त्व, लोह असे उपयुक्त घटक असल्याचे त्यांनी दाखवले. आदिवासी भागांतील कुपोषित मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे आढळले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाचा दर्जा सुधारण्यासाठी सल्ला दिला.

त्यांच्या विषयांची यादी एकदा मनाशी म्हणून पाहा : दूध, डाळ, बटाटा, नीरा. सोने, हिरे, क्षेपणास्त्रे यांतले काहीच नाही. जे गरिबाच्या ताटात येते किंवा यायला हवे, त्याचाच त्यांनी जन्मभर विचार केला.

एवढे करूनही अडथळे संपले नाहीत. विज्ञान संस्थेच्या संचालकपदासाठी त्या पात्र होत्या, पण त्यांची नेमणूक सुमारे चार वर्षे लांबली. अखेर ते पद त्यांना मिळाले आणि त्यांनी ते समर्थपणे सांभाळले.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मुंबईत 1966 साली काही स्त्रियांनी मिळून कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संस्था स्थापन केली होती. कमलाताई तिच्या संस्थापकांपैकी एक होत्या आणि 1982-83 मध्ये तिच्या अध्यक्षही होत्या. संस्थेच्या मासिकाचे नाव होते कीमत. हा शब्द तुम्हाला समजावून सांगायला नको. ग्राहकाने दिलेल्या पैशांच्या बदल्यात त्याला शुद्ध वस्तू मिळावी, यासाठी त्यांनी त्यात लेख लिहिले. प्रयोगशाळेतले ज्ञान त्यांनी किराणा दुकानापर्यंत आणले. तुम्हीही अशी एक साधी परीक्षा करू शकता. दुधात पिठाची भेसळ असेल, तर थोडे दूध उकळून गार करा आणि त्यात आयोडीनच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. दूध निळसर होईल. तपासलेले दूध मात्र पिऊ नका, फेकून द्या.

1998 साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्या वेळी त्यांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे गेले होते. सत्काराच्या वेळीच त्यांची प्रकृती बिघडली आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

मित्रांनो आणि विशेषतः मुलींनो, तुमच्यापैकी काही जणींना दहावीनंतर पुढे शिकायचे असेल. कदाचित घरातून किंवा शेजारीपाजारी कोणी त्याला नको म्हणत असेल. अशा वेळी कमलाताईंचे दोन गुण आठवा. त्या भांडून निघून गेल्या नाहीत आणि हिंमत हारून घरीही बसल्या नाहीत. त्या दारातच थांबल्या, आत गेल्या आणि आत गेल्यावर सर्वांपेक्षा अधिक मेहनत केली. आणि मुलांनो, तुमच्यासाठीही या कथेत डेरेक रिक्टर आहे. बहिणीला अभ्यासाला बसायला घरात जागा नसेल, तर आपली जागा थोडा वेळ तिला देऊन पाहा.

ज्ञान मिळवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कमलाताईंच्या आयुष्याने तेच करून दाखवले.

शब्दार्थ

रदबदली करणे – दुसऱ्यासाठी विनंती करणे, शिफारस करणे
ध्यास – सतत लागलेली ओढ
विचलित होणे – लक्ष दुसरीकडे जाणे
खेप – एका वेळी केलेली ने-आण
विकर – शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन
भेसळ – चांगल्या वस्तूत हलक्या वस्तूची केलेली मिसळ, उर्दूत मिलावट

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कमलाताईंचे वडील व काका कोठे शिकले होते?
(आ) सायटोक्रोम सी या प्रथिनात कोणत्या धातूचा अणू असतो?
(इ) नीरेची ताडी कशामुळे होते?

2. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) रामन यांनी कमलाला प्रवेश देताना कोणत्या अटी घातल्या?
(आ) मिठाच्या पाण्यातील बटाट्याची फोड लुळी का पडते?
(इ) कमलाताईंच्या संशोधनाचा गरिबांना कसा उपयोग झाला?

3. वाक्यांत उपयोग करा : मान तुकवणे, हिंमत हारणे, कामी येणे.

4. अर्ज, नामंजूर, मेहनत, हिंमत हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून वहीत लिहा.

5. बटाट्याच्या फोडींचा प्रयोग घरी करा आणि काय दिसले ते पाच-सहा ओळींत मराठीत लिहा.